आवाज फाटतोय की खडखडतोय?

परवाच्या शनिवारी सकाळी आमच्या अंगणातलं दृश्य असं होतं: गाडीची डिकी उघडी, स्टेपनी बाहेर काढून केळीच्या बुंध्याला टेकवलेली, मी कमरेपर्यंत डिकीत, तोंडात टॉर्च आणि हातात मल्टिमीटर. ओट्यावर बसून आजी वाल सोलत सगळा तमाशा बघत होती. शेजारचे काका दूध घेऊन जाता जाता थांबले आणि म्हणाले, "काय रे, गॅरेज टाकलंस का? आयटीत एवढी वाईट परिस्थिती आहे?"

परिस्थिती वाईट होतीच, पण आयटीतली नाही. माझ्या सबवूफरची. (आणि माझी, पण ते मला दुपारी कळलं.)

तर झालं असं. माझी गाडी मामाकडून घेतलेली, २०१६ची. मामाने ती जपून वापरली होती, म्हणजे तिच्यात फक्त बातम्या ऐकल्या होत्या. मला ते काही पटेना. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जायचं ते विरार लोकलला लटकून, मग गाडी असते कशासाठी? तर शनिवार-रविवारी पापडीपासून सुरुचीच्या किनाऱ्यापर्यंत गाणी ऐकत जाण्यासाठी. शिवाय जानेवारीत मावसबहिणीचं लग्न. नवरीची गाडी म्हणून माझीच ठरलेली. चर्चमधून हॉलपर्यंत बहिणीला न्यायचं आणि गाडीत तो मूळ कंपनीचा पत्र्याच्या डब्यात वाटाणे टाकून हलवल्यासारखा आवाज? छे!

म्हणून दिवाळीच्या बोनसमधून मी बारा इंची सबवूफर, त्याचा लाकडी डबा आणि एक अँप्लिफायर असा सगळा संसार बसवून घेतला. वसई स्टेशनकडच्या एका दुकानात. दुकानाचं नाव सांगत नाही, आणि का सांगत नाही ते पुढे कळेलच. बसवायला एक पोरगा होता, एकोणीस-वीसचा. कानात पेन्सिल, बोटांवर काळं इन्सुलेशन टेपचं चिकट. अडीच तास तो डिकीत होता. शेवटी त्याने एक ठराविक टोन लावला, अँप्लिफायरवरचा एक स्क्रू बारीक पान्याने इकडून तिकडे फिरवला, कान लावून ऐकलं, आणि पांढऱ्या मार्करने त्या स्क्रूच्या बाजूला एक ठिपका काढला. "दादा, हे इथंच ठेवा," म्हणाला. मी हो म्हटलं. आपण सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना अटी मान्य करतो ना, तसं.

पहिले दोन आठवडे नुसता स्वर्ग. त्यानंतर एका रविवारी, किनाऱ्याकडे जाताना, ढोल लागला की आवाजाचं काहीतरी व्हायला लागलं. हळू असताना ठीक. आवाज वाढवला की धप्पच्या जागी 'फर्र'. ओला कपडा झटकल्यासारखं. मागे बसलेला मावसभाऊ म्हणाला, "स्पीकर गेला तुझा." झालं! एवढं प्रमाणपत्र मला पुरेसं होतं.

सोमवारी संध्याकाळी मी दुकानात.

तो पोरगा बाहेर आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "दादा, आवाज कसा येतोय? फाटतोय, खडखडतोय, का घासल्यासारखा येतोय?"

आता इथे मला थांबून एक कबुली द्यायची आहे. मी गेली पाच वर्षं सपोर्ट आणि डेव्हलपमेंट अशा दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहे. क्लायंटकडून रोज तिकिटं येतात. 'सिस्टीम चालत नाही.' बस्स. कुठली स्क्रीन, काय दाबलं, काय दिसलं, कालपर्यंत चालत होतं का, काही नाही. अशा तिकिटांवर आम्ही चहाच्या टपरीवर जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि त्या सोमवारी त्या पोराला मी काय उत्तर दिलं?

"खराब येतोय. ते तू बघ ना, बसवलंयस तू."

त्याने दोन-तीनदा विचारलं. मी आवाज चढवला. शेठ बाहेर आले. मी फोन काढून त्यांच्यासमोर दुकानाला एक तारा दिला आणि खाली चार ओळी लिहिल्या, त्यातली एक 'शिकाऊ पोरांच्या हातात गाड्या देतात' अशी होती. शेठनी कपाळाला हात लावला. गाडीची रांग लागली होती, त्यांना मी दारातून जायला हवा होतो. त्यांनी पोराला स्पीकर बदलून द्यायला सांगितलं. जुना स्पीकर बाहेर काढताना त्या पोराने तो नाकाला लावून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. मला वाटलं, बघा, चूक कळली.

नवा स्पीकर घेऊन विजयी मुद्रेने घरी आलो. भाबोळ्याच्या पुढे आवाज वाढवला.

फर्र.

डीबगिंगचा पहिला नियम कुठल्याही फ्रेशरला माहीत असतो. भाग बदलला आणि दोष तसाच राहिला, तर दोष त्या भागात नाही. मला तो नियम आठवला, पण लगेच मान्य करवला नाही. दोन आठवडे मी 'दुकानदाराने दुसराही खराबच दिला' या सिद्धांतावर काढले. मग लग्नाची तारीख जवळ यायला लागली, आणि परवाचा शनिवार उजाडला.

सुरुवात मी ऑफिसात करतो तशीच केली. साखळी लिहून काढली. फोन, ब्लूटूथ, स्टिरिओ, आरसीए केबल, अँप्लिफायर, स्पीकरची वायर, स्पीकर, डबा, आणि शेवटी गाडीचा पत्रा. आवाज बिघडवायला यातला कोणीही पुरेसा आहे. मधोमध तोडायचं आणि दोष अलीकडे आहे का पलीकडे ते बघायचं. आरसीए काढून स्टिरिओऐवजी दुसरा जुना फोन थेट अँप्लिफायरला जोडला. फर्र. म्हणजे स्टिरिओ सुटला. इंजिन बंद करून बघितलं. फर्र. म्हणजे अल्टरनेटरचा आवाज घुसत नव्हता (तो घुसला तर एक बारीक 'कीं' ऐकू येते आणि अ‍ॅक्सिलरेटरबरोबर तिची पट्टी वर चढते). स्पीकरच्या कागदी शंकूवर चारही बोटं पसरून हलकेच आत दाबलं. आतली कॉइल वाकडी झाली असेल किंवा जळली असेल तर तिथे खरखर लागते. काही नाही, लोण्यासारखा आत-बाहेर. मल्टिमीटरने कॉइल मोजली, साडेतीन ओहम. चार ओहमच्या स्पीकरची कॉइल डीसीवर साधारण एवढीच दाखवते. म्हणजे स्पीकर ठणठणीत.

"मडकं घेताना टिचकी मारून बघतात," आजी ओट्यावरून म्हणाली. "चांगलं असलं तर टणटण बोलतं. चीर असली तर बद्द."

मी म्हटलं, आजी, हे मडकं नाही, बाराशे वॉट आहे.

"तुझं बद्द नाही वाजत. बद्द वाजलं असतं तर पेटी फुटली म्हटलं असतं. तुझं फाटतंय."

मी डिकीतून डोकं बाहेर काढलं. मंडळी, मला इंग्रजीत यासाठी एकच शब्द येत होता, डिस्टॉर्शन, आणि तो सगळ्याला लागू. आणि ही बाई वाल सोलता सोलता निदान करत होती. खरोखर बघा, आपल्याकडे किती शब्द आहेत. फाटणं वेगळं, ते सिग्नलची टोकं छाटली गेल्यावर होतं. खरखर वेगळी, ती कॉइल घासल्याची. खडखड म्हणजे पत्रा, नंबर प्लेट, डिकीतला पाना. फुसफुस म्हणजे डब्यातून हवा गळतेय. बद्द म्हणजे डब्याचं लाकूड फुगलंय किंवा सांधा उकललाय (आमच्याकडे चार महिने हवेत जेवढा ओलावा असतो त्यात हे सहज होतं). म्हणजे त्या पोराने मला जो प्रश्न विचारला होता तो टाइमपास नव्हता. एका शब्दात मी अर्धी साखळी वाचवली असती.

"कधीपासून फाटतंय?" आजीलाच विचारलं. मानीटरिंग टूल घरातच आहे म्हटल्यावर लॉग तिथलाच बघावा.

"आधी नुसतं धडधड यायचं. माझ्या उशीखाली. त्या रविवारी तू जेवण झाल्यावर डिकीत जाऊन बसलास, तिथपासून."

आणि मग मला आठवलं.

त्या रविवारी दुपारी मी एक व्हिडिओ बघितला होता. त्यात एक गृहस्थ सांगत होते की दुकानवाले अँप्लिफायर मुद्दाम अर्ध्यावर ठेवतात. मला वाटलं, पैसे मी पूर्ण दिलेत, मग आवाज अर्धा का? चष्म्याचा छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो आणि तो 'गेन'चा स्क्रू पूर्ण उजवीकडे. बाजूचा 'बास बूस्ट' पण. त्यानंतर संध्याकाळी किनारा, मावसभाऊ आणि फर्र. मधल्या काळात ही गोष्ट माझ्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. खोटं बोलत नाही, दुकानात भांडताना मला ती खरंच आठवली नाही. गिट ब्लेम मारावं आणि त्या ओळीपुढे स्वतःचंच नाव यावं, तसं झालं. टॉर्च मारला. पांढरा ठिपका होता तिथेच होता, घड्याळात अकरा वाजतात तिथे. स्क्रूची खाच पाचावर.

आता थोडं तांत्रिक. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी दोन-तीन परिच्छेद सोडून खाली यावं, पण गाडीत वूफर असेल तर सोडू नका.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल कोणाचा दोन व्होल्टचा असतो, कोणाचा चारचा, फोनचा तर त्याहून कमी. समोरून येणारं माप केवढं आहे हे अँप्लिफायरला सांगण्याची ती सोय. दोन व्होल्ट येत असताना गेन पूर्ण चढवला, तर स्टिरिओ अर्ध्यावर पोचायच्या आतच अँप्लिफायरची ताकद संपते. त्यानंतर लाटेला वर जायला जागाच नसते. गोल डोंगराचा माथा कापून सपाट पठार करावं तशी लाट दिसायला लागते. हे छाटणं म्हणजेच फाटणं. गंमत म्हणजे कापलेल्या लाटेत ऊर्जा कमी नाही, जास्त असते. पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर देते. ती सगळी कॉइलमध्ये उष्णता म्हणून जाते. म्हणून त्या पोराने जुन्या स्पीकरचा वास घेतला होता! जळका वास येत असणार. त्याला तेव्हाच कळलं होतं की हे काम गिऱ्हाइकाचं आहे. आणि तो बोलला नाही, कारण समोर मी होतो, फोनवर एक तारा घेऊन.

बास बूस्टचं तर विचारूच नका. डेसिबलचं गणित असं की दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते. ६ला चौपट, १२ला सोळापट. माझा बूस्ट १२ वर होता. शिवाय स्टिरिओचं 'लाऊड' चालू. शिवाय फोनमधल्या इक्वलायझरमध्ये बास वर. एकाच कामाच्या एस्टिमेटवर लीडने थोडा बफर लावावा, मॅनेजरने त्यावर लावावा, त्याच्या मॅनेजरने त्यावर, आणि शेवटी दोन दिवसांचं काम तीन आठवड्यांचं दिसावं, तसा बिचाऱ्या ढोलाचा एक ठोका माझ्या डिकीत पोचेपर्यंत राक्षस झाला होता.

आणि ते बाराशे वॉट! खोक्यावर सोनेरी अक्षरात १२०० छापलंय. खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, आरएमएस ३००. आयटीवाल्यांना हे समजावून सांगायला नको. १२०० म्हणजे सीटीसी. ३०० म्हणजे महिनाअखेरीस बँकेत जे पडतं ते. घर इन-हँडवर चालवायचं असतं, आणि अँप्लिफायरपण.

तेव्हा हिशोब ३०० चा. ३०० वॉट, ४ ओहम. दोघांचा गुणाकार १२००, त्याचं वर्गमूळ ३४.६. (बाराशे शेवटी इथे कामाला आले!) म्हणजे अँप्लिफायरमधून जास्तीत जास्त ३४.६ व्होल्ट बाहेर पडायला हवेत. रीत सोपी आहे. स्पीकरच्या वायरी काढायच्या, बूस्ट-लाऊड-इक्वलायझर सगळं शून्य, स्टिरिओ पाऊण आवाजावर, म्हणजे माझ्या चाळीसपैकी तीसवर. ५० हर्ट्झचा शुद्ध टोन पूर्ण पातळीवर लावायचा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजायचं. ५० हर्ट्झच का, तर स्वस्तातला मल्टिमीटर एसी मोजायला बनवलेला असतो तो घरातल्या विजेसाठी, आणि आपली वीज ५० हर्ट्झचीच. पाचशे रुपयांच्या मीटरला त्याच्या गल्लीतच खेळवावं.

माझ्या आकड्यावर मीटर लावला. ४६ व्होल्ट. वर्ग करून चाराने भागा. पाचशे एकोणतीस. तीनशेच्या स्पीकरमध्ये, कागदावर का होईना, पाचशेच्या वर कोंबत होतो. दोन स्पीकर.

गेन हळूहळू डावीकडे आणला. ३३ वर थांबलो, थोडी जागा ठेवून. टॉर्च मारला तर स्क्रूची खाच पांढऱ्या ठिपक्याच्या इतकी जवळ की मला हसूच आलं. त्या पोराने मीटर वापरला नव्हता. कानाने लावलं होतं.

स्पीकर जोडला, ढोल लावला. धप्प. फर्र नाही! आजीने वालाच्या पाटीतून मान वर केली. "आता बरं."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण लाइट लावून बघितलं (लग्न संध्याकाळचं आहे ना), आणि मोठ्या ठोक्याला हेडलाइट डोळे मिचकावायला लागले. त्याबरोबर किंचित, अगदी किंचित, परत फाटल्यासारखं. आधीच्या मोठ्या दोषाखाली दुसरा बारका दोष लपलेला. हे आमच्याकडे नेहमीचंच.

अँप्लिफायर ३०० वॉट बाहेर देतो तेव्हा बॅटरीतून पंचवीस-तीस अँपिअर ओढतो. हा प्रवाह जाडजूड लाल वायरने येतो आणि परत जातो तो गाडीच्या बॉडीतून, ज्याला मेकॅनिक 'अर्थिंग' म्हणतात. तिथे नुसता ०.०५ ओहमचा अडथळा असला (म्हणजे जवळजवळ काहीच नाही, असं आपल्याला वाटतं) तरी २८ अँपिअरला १.४ व्होल्ट वाटेतच गळतात. चौदातले बारा-साडेबाराच उरतात, आणि अँप्लिफायरचा डोंगर पुन्हा बुटका होतो. मोजायचं असं: मल्टिमीटरचं एक टोक अँप्लिफायरच्या ग्राउंडवर, दुसरं लांब वायर लावून थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि टोन चालू. बारीकसं काहीतरी दिसायला हवं. मला दिसले १.४. (हिशोबात तोच आकडा का घेतला ते कळलं असेल.)

म्हणून स्टेपनी बाहेर. अर्थिंगचा बोल्ट स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडेला होता. उघडला, आणि खाली तांबूस भुगा. रंगाखाली गंज पापडासारखा फुगलेला.

हा गंज कुठला ते मला लगेच समजलं. जुलै २०१८. वसई-विरारच्या कोणालाही तो आठवडा सांगायला नको. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, गाड्या बंद, लाइट नाही, गल्लीगल्लीत गुडघ्याएवढं. मामाची ही गाडी त्या पाण्यात दोन दिवस उभी होती. नंतर सीट वाळवल्या, कार्पेट धुतलं, इंजिन बघून घेतलं. स्टेपनीचा खड्डा कोण बघतं? तिथे पाणी साचलं असणार, वरून आपली खारी हवा. त्या पाण्याच्या खुणा आमच्या भिंतीवरून आम्ही रंग काढून पुसल्या. पत्र्याला मात्र सगळं लक्षात होतं.

बोल्टच्या आजूबाजूला रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासली, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. वायरच्या टोकाची थिंबल घासली. घट्ट आवळलं. वरून हवा लागू नये म्हणून आजीच्या डब्यातलं व्हॅसलिन फासलं. ("पायाच्या भेगांचं आहे ते!" "आजी, हीपण भेगच आहे.") परत मोजलं. ०.१. हेडलाइट शांत.

दुपारचे दोन वाजले होते. गाडीत बसून दारं लावून मी एक अख्खं गाणं ऐकलं. आवाज चाळीसपैकी बावीसवरच ठेवला होता, आणि बावीस भरपूर होता. याचंही कारण आहे. ४० हर्ट्झची लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते, आणि आपल्या छोट्या गाड्या चार मीटरच्या आतल्या. लाटेला पूर्ण पसरायला जागाच नाही, त्यामुळे एवढ्याशा बंद जागेत हवेचा दाबच वर-खाली होतो आणि खालचे सूर आपोआप वाढतात. पंपात हवा दाबावी तसं. म्हणजे गाडी स्वतःच फुकटात बास बूस्ट देते, त्यावर मी १२ डेसिबल लावले होते. आणि त्याच लांबलचक लाटा भिंतीला न जुमानता आजीच्या उशीखाली जात होत्या. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांनुसार. त्या दोन महिन्यांत मी ती किती वेळा ओलांडली ते आजीने कधी बोलून दाखवलं नाही, आणि मी मोजायलाही गेलो नाही. पत्रा घासायला मीटर बाहेर काढला, घरासाठी नाही काढला.

असो. खरं काम अजून बाकी होतं.

पहिल्यांदा तो एक तारा काढला. नुसता काढून टाकणं बरोबर वाटेना, म्हणून तिथेच लिहिलं की गेन मीच फिरवला होता, बसवणाऱ्याने नीट लावून खूण करून दिली होती. पाठवताना हात थोडा अडखळला, कारण आमच्या ऑफिसातले दोघं-तिघं तिथूनच सामान घेतात. मग गाडी काढली.

दुकानात शेठ एकटेच होते. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुमचा स्पीकर कंपनीने परत नाही घेतला. कॉइल जळलेली होती. त्यातले दोन हजार मी पोराकडून घेतले, चार हप्त्यांत. माझं पण दुकान आहे, साहेब."

दोन हजार. दिवाळीच्या बोनसचा केवढासा तुकडा, आणि त्याचा पगार किती असेल ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी एटीएमला जाऊन पैसे आणले. शेठनी हात पुढे केला, "द्या, मी देतो त्याला." मी म्हटलं, नको, त्याच्याच हातात देतो, तुमच्यासमोर. आणि उरलेल्या स्पीकरचे तुमचे वेगळे सांगा, तेही माझ्याकडून. ते जरा वरमले. म्हणाले, "राहू द्या, तारे परत दिलेत ना." फोन त्यांनी आधीच बघितला होता.

पोरगा मागून एका रिक्षाचा टेप बसवून आला. मी म्हटलं, "अरे, तू विचारलं होतंस ना, आवाज कसा येतोय? फाटत होता. गेन मी फिरवला होता." आणि पैसे पुढे केले.

त्याने मोजले. पाचशेची एक नोट मला परत दिली. "पंधराशेच कापलेत आत्तापर्यंत. एक हप्ता बाकी आहे." मग शेठकडे बघून, "तो आता नाही ना कापणार, शेठ?"

शेठ वहीत बघत नाही म्हणाले.

ती पाचशेची नोट मी त्याच्या टूलबॉक्सवर ठेवायला गेलो, तर त्याने ती परत उचलून माझ्या खिशात कोंबली, आणि त्या क्षणी मला पुढे काय बोलावं ते कळेना. म्हणून मी गंजाचं सांगितलं. बोल्ट, पत्रा, १.४ व्होल्ट, सगळं. त्याचा चेहरा पडला. "ते माझं चुकलं, दादा. घासून बसवायला पाहिजे होतं. त्या दिवशी तीन गाड्या होत्या." मी म्हटलं, पाण्यातली गाडी आहे हे मीपण कुठे सांगितलं होतं.

"वाजवा बघू," तो म्हणाला.

मी लावलं. तो डिकीजवळ वाकून उभा राहिला. मला वाटलं आता शाबासकी मिळणार, ३३ व्होल्टवर लावलंय म्हणून. त्याने मागच्या नंबर प्लेटवर तळहात ठेवला. काढला. परत ठेवला. मला काही कळेना. मग मीही खाली उतरून मागे गेलो आणि ऐकलं. हात काढला की दर ठोक्याला बारीक खडखड. हात ठेवला की गप्प.

"ही कधीपासून आहे?"

"माहीत नाही रे. आत बसल्यावर ऐकू येत नाही."

"बाहेरच्यांना येते," तो म्हणाला, आणि फोमच्या टेपची गुंडाळी आणायला आत गेला. दोन पट्ट्या कापल्या, प्लेट खोलली, मागे चिकटवल्या, प्लेट परत बसवली. किती झाले विचारलं तर म्हणाला, "वीस रुपये." हे मात्र त्याने घेतले.